रॉक गाण्याचं कव्हर आणि मूळ ध्वनिमुद्रण: शेजारी ठेवून ऐकायचं कसं

माझी पहिली तुलना तीन पानांची होती आणि पहिल्या ओळीपासून चुकलेली होती. मूळ गायकाचा आवाज थकल्यासारखा वाटतो, कव्हर करणाऱ्यांनी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात पुन्हा करणाऱ्यांनी, गाण्यात जीव ओतला, असा माझा एकंदर सूर. मित्राने वाचलं आणि एवढंच विचारलं, "तू ऐकलंस ते कधीचं आहे?" शोधाशोध केल्यावर कळलं, की ज्या संकलनातून मी ते 'मूळ' ऐकलं होतं त्यात मूळ ध्वनिमुद्रण नव्हतंच. त्याच गायकाने बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कंपनीसाठी, तेच गाणं पुन्हा गाऊन दिलं होतं. आवाज थकलेला वाटणारच! तीन पानं गेली केराच्या टोपलीत.

तेव्हापासून ठेच लागत लागत जी पद्धत बसली ती इथे देतोय. नोटेशन वाचता यायची गरज नाही, मलाही येत नाही. एखादं वाद्य जुजबी वाजवता येत असेल तर काम लवकर होतं, एवढंच.

एक गोष्ट आधीच बोलून टाकू. 'कोणतं चांगलं?' हा प्रश्न सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो आणि तो सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. आधी पाहायचं ते हे, की कव्हर करणाऱ्याने काय ठेवलं, काय टाकलं, काय नवं आणलं, आणि त्यामुळे गाणं कुठून कुठे गेलं. एवढं नीट जमलं तर शेवटच्या प्रश्नाची निकड बरीचशी कमी होते.

काय काय जवळ हवं

- दोन्ही गाण्यांच्या स्वच्छ फाइल. स्ट्रीमिंग ॲपमध्ये उतरवून ठेवलेलं गाणं ॲपबाहेर उघडत नाही, म्हणून सीडीवरून काढलेली किंवा विकत घेतलेली फाइल लागते. नुसतं ऐकून टिपणं काढायची असतील तर ॲपवरही भागतं.
- कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन. बेस फुगवून देणारा नको, तो सगळ्याच गाण्यांना एकाच रंगात बुडवतो.
- ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर. मोफत आहे. दोन्ही गाणी एकाखाली एक लावता येतात आणि हवी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकता येते.
- टॅप टेम्पोचं (ठोक्याबरोबर बोट टेकवलं की लय सांगणारं) एखादं ॲप, नाहीतर सेकंदकाटा असलेलं घड्याळ.
- सूर शोधायला काहीही: गिटार, कीबोर्ड, पेटी, फोनवरचं पियानो ॲप.
- अल्बमची श्रेयनामावली: कोणी काय वाजवलं, कुठे, कोणत्या साली. सीडीची पुस्तिका असेल तर उत्तम, नसेल तर डिस्कॉग्ज या साइटवर बहुतेक मिळतं. कोणी कोणाचं गाणं कधी केलं हे पाहायला सेकंडहँडसाँग्ज ही साइट चांगली आहे.
- वही. कागदाचीच घ्या. लॅपटॉपवर टिपणं काढायला लागलो की नजर पडद्यावरच्या ध्वनिलाटांच्या चित्राकडे जाते आणि कान झोपतात, असा माझा अनुभव आहे.

१. 'मूळ' म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. एका गाण्यामागे निदान चार वेगवेगळी माणसं असू शकतात: लिहिणारा, पहिल्यांदा ध्वनिमुद्रित करणारा, लोकप्रिय करणारा, आणि कव्हर करणाऱ्याने प्रत्यक्ष ज्याचं ऐकून उचललं तो. आपण पहिल्याशी किंवा तिसऱ्याशी तुलना करत बसतो आणि खरा धागा चौथ्याकडे असतो.

'हाउंड डॉग' घ्या. लायबर आणि स्टोलर या गीतकार जोडीने ते बिग मामा थॉर्नटन या गायिकेसाठी लिहिलं. तिने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि १९५३ मध्ये ते बाजारात आलं. एल्विस प्रेस्लीचं आलं १९५६ मध्ये. ही दोन शेजारी लावली की वाटतं, एल्विसने शब्द बदलले, चाल पळवली, बाईचा डाफरण्याचा सूर घालवला. पण एल्विसने ते थॉर्नटनच्या तबकडीवरून घेतलेलं नव्हतं. लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज नावाचा बँड हे गाणं थट्टेखोर ढंगात करायचा, ते त्याने ऐकलं. शब्द तिथेच बदलले होते. मधली पायरी वगळली की एका माणसाच्या करामती आपण दुसऱ्याच्या नावावर जमा करतो.

'हालेलुया'चं तसंच. लेनर्ड कोहेनचं ध्वनिमुद्रण १९८४ चं. जेफ बकलीचं १९९४ चं, जे ऐकून निम्मं जग या गाण्याकडे वळलं. मध्ये १९९१ मध्ये जॉन केलने केवळ पियानोवर केलेली आवृत्ती आहे. कोहेनने या गाण्यासाठी ढीगभर कडवी लिहून ठेवली होती. केलने त्यातून स्वतःची निवड केली, आणि बकली गातो ती केलची निवड. म्हणजे 'बकलीने कोहेनची कडवी का बदलली?' हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला आहे.

कधी मूळ कलाकाराचीच दोन 'मूळं' असतात. सायमन अँड गारफंकल यांचं 'द साउंड ऑफ सायलेन्स' १९६४ मध्ये अल्बमवर आलं तेव्हा त्यात दोन आवाज आणि अकूस्टिक गिटारच्या साथीपलीकडे फारसं काही नव्हतं. १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सनने त्याच टेपवर इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम चढवले, आणि तेही या दोघांना न सांगता. गाजलं ते हे. आता डिस्टर्ब्ड या बँडचं २०१५ चं कव्हर ऐकताना कोणत्या मुळाशी ताडून पाहणार? दोन्हींशी पाहा. पण कुठल्या वाक्यात कोणतं म्हणताय ते लिहा.

'द हाउस ऑफ द रायझिंग सन'सारखं लोकगीत असेल तर 'मूळ' हा शब्दच बाजूला ठेवा. द ॲनिमल्सचं १९६४ चं ध्वनिमुद्रण जगभर पोचलं, पण त्याआधी ते कित्येकांनी गायलं होतं. तिथे 'आधीचं' आणि 'नंतरचं' एवढंच म्हणावं.

वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: मी अमुक सालच्या अमुक ध्वनिमुद्रणाची तुलना तमुक सालच्या तमुक ध्वनिमुद्रणाशी करतोय, आणि मधली पायरी असल्यास ही. हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. हातातली फाइल तीच आहे ना?

गाणं ठरलं तरी त्याच्या आवृत्त्या अनेक. नावापुढे 'लाइव्ह', 'रीमास्टर', 'रीमिक्स', 'सिंगल व्हर्जन', 'री-रेकॉर्डेड' असं काही लिहिलंय का ते बघा. हे शब्द एकसारखे वाटतात, पण नाहीत. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणावरच हात फिरवलेला असतो: आवाज चढवतात, खरखर काढतात. रीमिक्समध्ये मूळच्या ट्रॅकवर परत जाऊन वाद्यांचं प्रमाण आणि जागा नव्याने ठरवतात. री-रेकॉर्डेड म्हणजे माझी ती तीन पानं.

साठच्या दशकातल्या गाण्यांत मोनो-स्टिरिओचा (दोन्ही कानांत एकच आवाज, की दोन कानांत वेगवेगळा) आणखी एक चकवा आहे. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची मोनो आणि स्टिरिओ मिश्रणं वेगवेगळी केली होती. त्यातलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोवर स्टिरिओपेक्षा जलद आणि वरच्या सुरात आहे. म्हणजे दोन माणसं एकाच अल्बमचं एकच गाणं ऐकून लयीवरून भांडू शकतात आणि दोघंही बरोबर!

व्हिडिओ साइटवर कोणीही चढवलेली फाइल मोजमापाला वापरू नका. कॉपीराइटची यंत्रणा चुकवायला लोक गाण्याचा वेग किंवा सूर किंचित सरकवतात. कानाला जाणवत नाही, टिपणात मात्र उतरतं.

३. पातळी सारखी करा

छोटीच पायरी आहे, पण वगळली तर बाकी सगळं वाकडं जातं. एक-दोन डेसिबलने मोठं वाजणारं गाणं आपल्याला 'मोठं' वाटत नाही; ते जास्त भरीव, जास्त जिवंत वाटतं. अलीकडची ध्वनिमुद्रणं आणि नवे रीमास्टर मोठ्या पातळीवर केलेले असतात, त्यामुळे जुनं गाणं ऐकण्याआधीच हरतं.

ॲपवर ऐकत असाल तर सेटिंगमधलं नॉर्मलायझेशन (सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय) चालू ठेवा. ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅक लावून 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' चालवा. तेही नको असेल तर गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा ऐकू येईल इतपत एकाचा आवाज खाली घ्या. वर नेऊ नका, खाली घ्या. वर नेताना आवाज फाटायची भीती असते.

४. पहिली दोन ऐकणी रिकाम्या हाताने

पेन नको, स्क्रीन नको. आधी मूळ, मग कव्हर. दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने. दोन्ही वेळा ऐकून झाल्यावर तीन-चार शब्द लिहा: 'घाई', 'ओलसर', 'दमलेला', 'खोटा राग', जे सुचेल ते. पुढे मोजमापं हाती येतात तेव्हा याच शब्दांचं कारण शोधायचं असतं. हे शब्द नसतील तर सेकंद आणि सूर यांचा नुसता हिशेब उरतो.

५. सांगाडा मांडा

आता वही. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे मूळ, उजवीकडे कव्हर. कोणत्या मिनिट-सेकंदाला काय सुरू होतं ते लिहीत जा: सुरुवातीचं वादन, पहिलं कडवं, ध्रुवपद, सोलो, शेवट. ऑडॅसिटीत गाणं चालू असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी लेबल लागतं, नंतर नाव द्यायचं.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच जोडी देतो: 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. बॉब डिलनचं मूळ १९६७ च्या शेवटी आलेल्या 'जॉन वेस्ली हार्डिंग'वर, जिमी हेंड्रिक्सचं कव्हर १९६८ च्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड'वर. मधे वर्षही गेलेलं नाही. डिलनचं अडीच मिनिटांच्या आसपास, हेंड्रिक्सचं चार मिनिटांचं. पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो, "हेंड्रिक्सने गाणं पूर्ण मोडून नव्याने बांधलं."

सांगाडा मांडून बघा. डिलनकडे तीन कडवी आहेत, ध्रुवपद नाही, तीनच कॉर्ड गोल गोल फिरतात आणि कडव्यांच्या मधल्या जागेत माउथऑर्गन वाजतो. हेंड्रिक्सकडे? तीच तीन कडवी, त्याच क्रमाने. ध्रुवपद नाहीच. कॉर्डचं तेच रिंगण. आणि जिथे माउथऑर्गन होता त्याच जागांवर गिटार. त्याने घर मोडलेलंच नाही! खोल्या तेवढ्याच ठेवून मधलं दालन लांबवलं. दुसऱ्या कडव्यानंतरचा सोलो एकामागून एक चार तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचा गिटारचा आवाज वेगळा आहे: एकात तारेवरून काहीतरी घसरवत काढलेले सूर, एकात वा-वा पेडल, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज 'वाव-वाव' करणारं यंत्र. वाढलेला वेळ प्रामुख्याने इथे आणि शेवटाला गेलाय.

हे कागदावर उतरलं की 'मोडून बांधलं' हे वाक्य तुमचं तुम्हीच खोडता. मला या पायरीची गोडी यासाठीच आहे.

६. लय आणि ठेका

पंधरा सेकंदांत पडणारे ठोके मोजा, चाराने गुणा. गाण्यात तीन ठिकाणी मोजा. जुन्या गाण्यांत क्लिक ट्रॅक, म्हणजे वादकांच्या कानात वाजणारा लयीचा टिकटिक ठोका, क्वचितच असायचा, त्यामुळे शेवटाकडे लय चढते. ती चढ दोष म्हणून नोंदवू नका. बऱ्याचदा गाण्याचा जीवच त्या चढीत असतो.

दोन सापळे आहेत. पहिला दुपटीचा. एकच लय कोणी सत्तर मोजतो, कोणी एकशे चाळीस. दोन्ही गाण्यांत एकाच गोष्टीवर बोट ठेवून मोजा, म्हणजे स्नेअर ड्रमवर म्हटलं की दोन्हीकडे स्नेअरवरच. दुसरा सापळा आवाजाचा: दणदणीत म्हणजे जलद असं कान गृहीत धरतात. वॉचटॉवरच्या जोडीत हेंड्रिक्सची लय डिलनपेक्षा सावकाश आहे. मोजून बघेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. शिवाय हेंड्रिक्सच्या सुरुवातीच्या ठोशांत माझी सम कितीदा तरी चुकली आहे. तिथे चुकलात तर गाणं सुरू झाल्यावरची सम पकडून उलटं मोजत मागे या.

लय सारखी असूनही ठेका बदलतो, आणि तो बदल जास्त खोल जातो. बीटल्सचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' (१९६७) चार मात्रांत टुणटुणत चालतं. रिंगो स्टार साध्या आवाजात गातो, बाकीचे प्रश्न विचारतात, हा उत्तरं देतो. जो कॉकरने १९६८ मध्ये तेच गाणं संथ केलं आणि तीन-तीनच्या झोक्यावर टाकलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं मनात म्हणत ऐका. त्या झोक्यामुळे ओळींच्या मधे रिकामी जागा तयार झाली. त्या जागेत ऑर्गन शिरला, साथीच्या बायकांचे आवाज शिरले आणि कॉकरच्या किंकाळ्याही. चार मात्रांच्या चालीत ती किंकाळी ठेवायला जागाच नव्हती. प्रश्नोत्तरं तीच, पण मूळमध्ये मित्र चेष्टेत विचारतात आणि इथे माणूस बुडता बुडता उत्तर देतोय असं वाटतं.

७. पट्टी

गाणं ज्या सुरावर येऊन विसावतं तो गुणगुणा आणि वाद्यावर शोधा. डिलनचं वॉचटॉवर काळी एकवर विसावतं, हेंड्रिक्सचं पांढरी एकवर, म्हणजे अर्धा स्वर खाली. यावरून 'हेंड्रिक्सला वरचा सूर झेपत नव्हता' वगैरे निष्कर्ष काढू नका. तो गिटारच्या सगळ्याच तारा अर्धा स्वर उतरवून लावायचा. बोटं डिलनच्याच पट्टीची, सूर अर्धा स्वर खालचा. रॉकमध्ये ही सवय खूप जणांना आहे. तारा सैल असल्या की त्या खेचून सूर वळवणं सोपं जातं आणि गायकाच्या गळ्यालाही आराम मिळतो.

सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात सरकलेले दिसले तर वेगळा संशय घ्या. टेपचा वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. लयही तेवढीच वाढलेली असेल, म्हणजे १२० ची १२७ झाली असेल, तर बदल वाजवणाऱ्यांनी केलेला नसून यंत्राने केला असण्याची शक्यता आहे. आणि सूर पांढऱ्या-काळ्या पट्टीच्या फटीत कुठेतरी सापडत असेल तर तो संशय बळावतो.

८. वाद्यं: किती, कुठे, किती जवळ

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक ऐकण्याला एकच वाद्य. एकदा फक्त बेस, एकदा फक्त ड्रम, एकदा फक्त मागची गिटार. एकदम सगळं ऐकून लिहिलेल्या टिपणात शेवटी फक्त गायक आणि सोलोच येतो.

साठच्या दशकातल्या स्टिरिओ गाण्यांना एक सोपी युक्ती चालते: हेडफोनचा एकच कान लावा. त्या काळी वाद्यं एका बाजूला टाकून द्यायची रीत होती, त्यामुळे एका कानात गायक गायबच होतो आणि मागचं सगळं उघडं पडतं. आजकाल डेमक्स किंवा स्प्लीटरसारखी साधनं गाण्यातली वाद्यं वेगळी करून देतात. बेसची ओळ सापडत नसेल तर वापरा. पण त्यावरून आवाजाच्या पोताबद्दल काही लिहू नका. वेगळं करताना घुमारा कापला जातो, झांजेचा चुरा होतो, आणि तो चुरा वादकाचा नसतो.

डिलनच्या वॉचटॉवरमध्ये अकूस्टिक गिटार, माउथऑर्गन, बेस आणि ड्रम. संपलं. नॅशव्हिलमध्ये केलेलं कोरडं ध्वनिमुद्रण आहे, सगळे एका छोट्या खोलीत बसल्यासारखे ऐकू येतात. त्यामुळे शब्द पुढे येतात आणि गोष्ट अर्धवट सोडून दिल्यासारखी संपते.

हेंड्रिक्सकडे थरावर थर आहेत. बारा तारांची अकूस्टिक गिटार डेव्ह मेसनने वाजवली. बेस खुद्द हेंड्रिक्सने वाजवला. ड्रमवर मिच मिचेल. सुरुवातीला खडखडत विरत जाणारा जो आवाज येतो ते व्हायब्रास्लॅप नावाचं छोटं तालवाद्य. काम लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवर सुरू झालं आणि न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये जास्त ट्रॅकच्या यंत्रांवर पुढे गेलं. हे वाचल्यावर पुन्हा ऐका. गिटार एका जागी उभी नाही. मधल्या सोलोत ती या कानातून त्या कानात फिरते, जवळ येते, लांब जाते. डिलनच्या शब्दांत वारा आहे, हेंड्रिक्सने शब्द तसेच ठेवून तो वारा वाजवून दाखवला. माझ्या मते या कव्हरची सगळी करामत या एका गोष्टीत आहे. तुम्हाला पटलं नाही तरी हरकत नाही, पण ऐकण्याआधी नाही म्हणू नका.

काढून टाकलेल्या वाद्याकडे तितकंच लक्ष द्या. वाढवलेलं लगेच ऐकू येतं, काढलेलं येत नाही. म्हणून मूळच्या वाद्यांची यादी हातात धरून कव्हर ऐका आणि एकेकावर खूण करत जा.

आणि पाटीवर विश्वास ठेवू नका. निर्वाणा या बँडने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' (विजेच्या वाद्यांविना) या कार्यक्रमासाठी डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' केलं. नाव अनप्लग्ड, पण गायक कर्ट कोबेनची गिटार पेडल आणि ॲम्पमधून गेलेली आहे. कान देऊन ऐकलं तर तिची करकर लगेच कळते.

९. आवाज आणि शब्द

शब्द आधी. दोन्हींचे बोल समोर ठेवा आणि प्रत्यक्ष गायलेलं ऐकत दुरुस्त करा. जालावरचे बोल अनेकदा मूळचेच कव्हरलाही चिकटवलेले असतात, बदललेला शब्द त्यात सापडतच नाही. सर्वनामं, गाळलेलं कडवं, पुन्हा म्हटलेली ओळ, या तीन गोष्टी बघा.

ट्रेंट रेझ्नरच्या नाइन इंच नेल्स या बँडचं 'हर्ट' १९९४ चं. जॉनी कॅशने ते २००२ मध्ये केलं. शब्द जवळजवळ जसेच्या तसे आहेत. मुकुटाच्या उल्लेखातला एक शिवराळ शब्द काढून कॅशने तिथे काटे आणले. एक शब्द! पण मूळमध्ये स्वतःची किळस होती, तिथे आता येशूच्या डोक्यावरचा मुकुट दिसायला लागतो. त्यात गाणाऱ्याचं वय मिसळा. रेझ्नरने लिहिलं तेव्हा तो तिशीच्या आत होता. कॅशचा अल्बम आला तेव्हा तो सत्तर वर्षांचा, आजारी, आणि पुढच्या वर्षी गेला. तरुणाच्या तोंडी जी धमकी होती ती म्हाताऱ्याच्या तोंडी हिशेब झाली. वाद्यांतही तेच: मूळच्या गिटारमध्ये कानाला टोचणारा एक स्वर मुद्दाम ठेवलेला आहे आणि शेवटी गोंगाटाची भिंत कोसळते. कॅशच्या गिटारचे स्वर सरळ आहेत, पियानोचा एकच सूर ठोकत ठोकत वाढत जातो.

आवाजाबद्दल लिहिताना 'भावपूर्ण', 'दमदार' हे शब्द टाळा. त्याऐवजी जागा दाखवा: श्वास कुठे घेतला, कोणता शब्द ताणला, कुठे मुद्दाम मागे राहिला, कुठे आवाज फाटला आणि तो तसाच ठेवला.

१०. त्या दिवशी स्टुडिओत काय होतं

मत बनवण्याआधी परिस्थिती बघा. बीटल्सचं 'ट्विस्ट अँड शाउट' ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, दिवसभर बाकीची गाणी आटोपल्यावर सगळ्यात शेवटी केलं. जॉन लेननला सर्दी झालेली, घसा बसलेला. तो खरवडलेला आवाज आयझली ब्रदर्सच्या १९६२ च्या ध्वनिमुद्रणाच्या शेजारी ठेवून 'बीटल्सची शैली' म्हणायचं की 'बसलेला घसा'? दोन्ही लिहा. (आयझली बंधूंचंही कव्हरच बरं का, पहिलं टॉप नोट्सचं, १९६१ चं.)

तसंच लाइव्ह कव्हर आणि स्टुडिओतलं मूळ यांची स्वच्छतेवरून तुलना करू नका. एकाला दुसरी संधी होती, दुसऱ्याला नव्हती.

११. लिहायला बसताना

वहीतलं सगळं लेखात ओतू नका. दोन किंवा तीन फरक निवडा, जे चौथ्या पायरीत लिहिलेल्या शब्दांचं कारण सांगतात. प्रत्येक दाव्यापुढे मिनिट-सेकंद द्या, म्हणजे वाचणाऱ्याला तिथे जाऊन तुमच्याशी भांडता येईल. आधी निरीक्षण, मग मत, आणि दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

'आत्मा हरवला' हे वाक्य आलं की थांबा. काय हरवलं? माउथऑर्गन? झोका? एक शिवी? ते लिहा.

जे गाणं तुम्ही आधी ऐकलंय ते तुम्हाला बरोबर वाटणार, हेही धरून चला. कव्हर आधी ऐकलं असेल तर मूळ अपुरं वाटतं. हा पूर्वग्रह जात नाही, पण 'मी हे आधी ऐकलं होतं' असं लेखात सांगून टाकता येतं. पूर्ण गाणी जोडू नका आणि बोल अख्खे उतरवू नका. त्यांवर हक्क असतो. अधिकृत दुवा आणि सेकंद पुरेसे.

वॉचटॉवर झालं की दुसरी जोडी म्हणून, खरंतर तिकडी म्हणून, रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' (१९६५) घ्या. त्यातली ती फझ (मुद्दाम फाटक्या आवाजाच्या) गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, कीथ रिचर्ड्सने मनात ब्रास वाद्यांसाठी धरली होती. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ती खरोखरच ब्रासवर वाजवून घेतली. मग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीव्हो या बँडने ती रिफच काढून टाकली. गाण्याची ओळख असलेली गोष्ट गेली आणि तरी ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येतं. ते कशामुळे, हे वहीत उतरवायला मला दोन संध्याकाळी आणि ड्रमची अकरा ऐकणी लागली.